व्याजावर चालणारा नेम

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जाऊ नये. तिथे चालता येत नाही, नुसतं रांगेत पुढे सरकता येतं. निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात ठळकपणे आलेलं असतं, तरी माणसं कानटोप्या ओढून हजर. बुटांना अजून दुकानाचा वास येत असतो. मनगटावरच्या घड्याळाला पावलं मोजायचं काम दिलेलं असतं आणि ते पावलं खातंय की काय या संशयानं दर पाच मिनिटांनी त्याची झडती घेतली जाते. संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्तानं पहिली गळती लागते. पुढे कुणाचं लग्न निघतं, कुणाच्या मुलाची दहावी असते. महाशिवरात्रीपर्यंत ट्रॅक जुन्या मंडळींच्या ताब्यात परत आलेला असतो.

मला या जानेवारीच्या मंडळींविषयी माया आहे. त्यांना लोक हसतात ते मला पटत नाही. पहाटे साडेपाचला नाशिकच्या थंडीत रजई बाजूला सारणं हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. त्यांनी केलं ते सगळं बरोबरच केलं. फक्त एक झालं, सगळा कारभार त्यांनी आपल्या एकट्याच्या मनाकडे सोपवला. आणि मन हा असा कारकून आहे की अर्ज लिहिणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि रजेच्या कागदावर सही करणाराही तोच. अशा कचेरीत अडतं कुणाचं?

आमच्या गावाला मोठमोठे संकल्प तडीस जाताना बघायची सवय आहे. 2015 साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, सायकलवर, आळीपाळीनं, रात्रंदिवस. नाशिकला सायकलीचं वेड आधीपासून होतंच, त्यानंतर ते अंगात आलं. घरोघरी बारीक चाकांच्या, जड किमतीच्या सायकली आल्या. रविवारी पहाटे गंगापूर रोडवर हेल्मेटवाल्यांचे थवेच्या थवे दिसू लागले. हे थवे पुढे कुठल्या तरी मिसळीच्या आवारात उतरतात आणि पापड, दही, दोन जादा पाव आणि नको नको म्हणताना जिलबी, एवढं घेऊन परततात. त्या फेरीचा जमाखर्च कुणी मांडू नये. आज त्यातल्या कितीतरी सायकली बाल्कनीत उभ्या आहेत आणि ओला टॉवेल टाकायला त्यांच्या हँडलइतकी सोयीची दुसरी जागा घरात नाही.

पण अमेरिकेतल्या त्या शर्यतीत स्पर्धकाच्या मागे गाडी असते. त्यात पाणी, खाणं, कपडे, वाटेचा नकाशा आणि झोपेचा हिशेब सांभाळणारी माणसं असतात. पायडल मारणाऱ्यानं फक्त पायडल मारायचं. टॉवेलवाल्या सायकलींच्या मागे असली गाडी कधी नव्हतीच. सायकल घेताना दुकानात ती दाखवतही नाहीत.

या गोष्टीकडे माझं लक्ष पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर गेलं. आम्ही इंदिरानगरकडची माणसं सकाळी लेण्यांवर जातो. म्हणजे लेणी बघायला नाही. पायऱ्या चढायच्या, वर दम खायचा, खाली मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांकडे थोडा वेळ बघायचं आणि उतरायचं. त्रिरश्मी डोंगराच्या कुशीत 24 लेणी आहेत, ती दोन हजार वर्षांपासून तिथे आहेत आणि उद्याही असणार आहेत, तेव्हा घाई कसली? अस्सल नाशिककर आत जातो तो पाहुणे आले तरच. तशी शेजारच्या वहिनींकडे पुण्याची पाहुणी आली आणि एका रविवारी आम्ही तिकीट काढून आत गेलो. वहिनी, पाहुणी, मी आणि खालच्या मजल्यावरचे काका. काका बँकेतून निवृत्त झालेत, पण बँक काकांमधून निवृत्त झालेली नाही.

दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात भिंतीवर ब्राह्मीतला लेख आहे. अक्षरं एवढी नीट की वाचता येत नसली तरी लिहिणाऱ्याच्या हाताचं कौतुक वाटतं. हा लेख उषवदाताचा. क्षत्रप नहपानाचा हा जावई, दक्षमित्रेचा नवरा. त्यानं हे लेणं भिक्षुसंघाला दिलं, त्याला साधारण एकोणीसशे वर्षं झाली असतील. लेखाचा अर्थ मी वाचलेला होता म्हणून भाव खायच्या हेतूनं सांगायला सुरुवात केली. त्यानं नुसतं लेणं दिलं नाही, म्हटलं, तीन हजार कार्षापणही दिले. गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्यातले दोन हजार ठेवले, महिना शेकडा एक दरानं. दुसऱ्या एका श्रेणीकडे एक हजार, महिना शेकडा पाऊण दरानं.

"थांब," काका म्हणाले. ते तोवर खांबाला टेकून ट्रक बघत होते. "कशासाठी ठेवले?"

"पावसाळ्यात या लेण्यात राहतील त्या वीस भिक्षूंच्या चिवरांसाठी. प्रत्येकाला बारा कार्षापण."

काकांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताची तर्जनी हवेत फिरवली. "दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिना वीस. वर्षाचे झाले दोनशे चाळीस. भिक्षू वीस, प्रत्येकी बारा. दोनशे चाळीस." डोळे उघडून त्यांनी त्या भिंतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "पैचा फरक नाही गं. आणि मुद्दल?"

"मुद्दल परत द्यायचं नाही. फक्त व्याज खायचं. तसं लिहिलंय."

"आणि दोन ठिकाणी ठेवलेत. सगळं एकाच जागी नाही ठेवलं." काकांनी चष्मा काढून पुसला. एखाद्या ग्राहकाविषयी इतका आदर त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या नोकरीच्या काळातही कुणी पाहिला नसेल. पुण्याची पाहुणी तोवर तीन फोटो काढून पुढच्या लेण्याकडे गेली होती. काका मात्र हलेनात. मला त्यांना शेवटचं कलमही सांगावं लागलं, की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर वाचून दाखवलं आणि दप्तरात रीतसर नोंदवलं, असंही त्या लेखात आहे.

"म्हणजे साक्षीदारासकट," काका म्हणाले. "फाइल पूर्ण आहे."

त्या दिवसापासून उषवदात माझ्या डोक्यात बसला आहे. माणूस मोठा धार्मिक होता, दानशूर होता, हे खरंच. पण धार्मिक आणि दानशूर माणसं तेव्हाही पुष्कळ असतील. यानं केलं ते वेगळं. याच लेण्यातला त्याचा दुसरा मजकूर सांगतो की राजाच्या आज्ञेवरून तो ऐन पावसाळ्यात मोहिमेवर गेला होता. मालयांनी उत्तमभद्रांना वेढा घातला होता, त्यांना सोडवायला. शत्रू पळाला, मग हा पुष्करला गेला, तिथे स्नान करून तीन हजार गायी आणि एक गाव दान दिलं. म्हणजे ज्या पावसाळ्यासाठी चिवरांची सोय करायची, नेमक्या तशाच दिवसांत याला राजस्थानात जावं लागत होतं. असा माणूस दर आषाढात स्वतःच्या मनाला, "उषवदाता, यंदा कपडे द्यायचेत हं, विसरू नकोस," असं सांगत बसला असता तर वीस भिक्षू कुडकुडले असते. त्यानं मनाला त्यातून मोकळंच केलं. दरमहा वीस कार्षापण विणकरांच्या मागावर तयार होत राहिले आणि उषवदात पुष्करला गायी मोजत राहिला. गोवर्धन नावाचं गाव अजून गंगापूर रस्त्यावर आहे. मिसळीला जाणारे सायकलवाले त्याच बाजूनं जातात.

यावर कुणी म्हणेल, की राजाच्या जावयाला हे सोपं आहे, तीन हजार कार्षापण कुठून आणायचे? खरं आहे. पण राजांचेही संकल्प कसे बारगळतात हे त्याच डोंगरावर लिहिलेलं आहे आणि ते वाचल्यापासून मला जानेवारीच्या मंडळींविषयी आणखीच जिव्हाळा वाटू लागला आहे.

तिसरं लेणं सगळ्यांत देखणं. त्याच्या व्हरांड्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या दोन आज्ञा आहेत. हा तो, ज्यानं नहपानाची सत्ता मोडली आणि त्याच्या नाण्यांवर आपले छाप मारले. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर हा पुनर्छाप होता. एवढा दरारा. तर या राजानं आपल्या अठराव्या राज्यवर्षी विजयी छावणीतून आज्ञा धाडली की पूर्वी उषवदाताकडे असलेलं कखडी गावातलं 200 निवर्तन शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं. सरकारी माणसांनी त्यात शिरू नये, तिथे मीठ खणू नये, वगैरे सगळ्या सवलतींसह. फर्मान सुटलं, कोरलं गेलं, झालं.

मग चोविसाव्या वर्षीची आज्ञा. तीही तिथेच, खाली. त्यात राजा आणि राजमाता मिळून गोवर्धनच्या अमात्याला कळवतात, की कखडी गावात आम्ही भिक्षूंना पूर्वी शेत दिलं होतं; पण ते शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही. तेव्हा आता नगराच्या सीमेवरचं आमच्या मालकीचं 100 निवर्तन शेत त्यांना द्यावं.

सहा वर्षं! सहा वर्षं त्या शेतात कुणी नांगर घातला नव्हता. आणि एवढ्या मोठ्या सम्राटानं ते दडवलं नाही. पहिला लेख छिन्नीनं खरवडून टाकणं अवघड नव्हतं. त्याऐवजी त्याच्याच खाली, त्याच अक्षरात, जमलं नाही म्हणून मोकळेपणानं सांगून टाकलं आणि दोनशेचं शंभर केलं. शंभर, पण गावालगतचं, कसता येईल असं. दहा हजार पावलांची पाच हजार केली की आपण घड्याळ पालथं घालून ठेवतो. सातकर्णीनं ती पाच हजार दगडात कोरली. या दुसऱ्या आज्ञेत राजाच्या बरोबरीनं आईचं नाव यावं याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. कुठलं शेत पडीक आहे, ते आईलाच ठाऊक असतं.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "थकीत खातं होतं. पण वेळेवर पुनर्रचना केली." त्यांच्या कोशात याहून मोठी शाबासकी नाही.

वहिनी या सगळ्यात गप्प होत्या. उतरताना त्या म्हणाल्या, "यात काय विशेष? आमच्या सासूबाई दर वर्षी हेच करायच्या."

आणि खरंच की. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम असतो तो काय वेगळा आहे? तोही पावसाळ्याचाच, त्या भिक्षूंच्या वर्षावासासारखा. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कुणी एकभुक्त राहतं, कुणी मौनानं जेवतं, कुणी लाख वाती करतं. आयुष्यभर वगैरे भानगड नाही. चार महिने, त्यानंतर उद्यापन, आणि जी वस्तू सोडली तिचं दान. शेवट आधीच ठरलेला असल्यामुळे मनाला पळवाट शोधायची गरजच पडत नाही. दरवाजा समोर दिसतोय, तारीखही लिहिलेली आहे. आणि आपल्या पूर्वजांची माणसाच्या स्वभावाची जाण बघा, एकादशीच्या दोन दिवस आधी त्यांनी कांदेनवमी ठेवली. चार महिने कांदा-लसूण-वांगी बंद, तेव्हा आषाढ शुद्ध नवमीला मनसोक्त कांदाभजी, कांद्याची थालीपीठं, भरलं वांगं, जे काय चापायचं ते चापा. बाकीचं जग संकल्पाच्या आदल्या रात्री जे चोरून करतं त्याला आपण तिथी दिली. ज्या जिल्ह्यात लासलगाव आहे, जिथे घरात बोलण्याचा पहिला विषय कांद्याचा भाव असतो, तिथे चार महिने कांदा सोडणं म्हणजे गंमत नाही. कांदेनवमी नसती तर आमच्या जिल्ह्यात चातुर्मास टिकलाच नसता.

वहिनींच्या सासूबाई पंचवटीतल्या. त्यांचा कांदा-लसूण ठरलेलाच, त्यावर दर वर्षी एक जादा नेम. एका वर्षी त्यांनी चार महिने भाजीवाल्याशी घासाघीस करणार नाही असा नेम धरला. घरच्यांनी पैज लावली की श्रावण उजाडायच्या आत मोडेल. म्हातारी पिशवी घेऊन दारात यायची, भाव विचारायची, ओठ घट्ट मिटायची आणि सांगेल ते पैसे काढून द्यायची. नेम गल्लीला ठाऊक होता, त्यामुळे समोरच्या खिडक्यांतून लोक बघत असायचे. भाजीवाल्यानं पहिला महिना आनंदात काढला. दुसऱ्या महिन्यात त्याला शंका येऊ लागली. गणपती झाल्यावर तो एके दिवशी तराजू खाली ठेवून म्हणाला, "आजी, काहीतरी बोला हो. सकाळी सकाळी चुकल्यासारखं वाटतं." आजी म्हणाल्या, "कार्तिकीनंतर ये." शेवटी शेवटी तोच आपणहून दोन रुपये कमी सांगायला लागला होता, असं वहिनी सांगतात. मला यात अतिशयोक्तीचा वास येतो, पण चारचौघांचे डोळे असल्यावर माणूस काय काय निभावून नेतो ते खोटं नाही.

चारचौघांत सांगण्याचं मात्र एक पथ्य आहे. हल्ली सांगणं फार स्वस्त झालंय. फोनवरच्या ग्रुपात, "उद्यापासून साखर बंद" एवढं टाकलं की अर्ध्या तासात चाळीस अंगठे येतात, आणि साखर सोडल्याचा अर्धा आनंद तिथेच भोगून होतो. निगमसभा ती नव्हे. सभा म्हणजे जिथे उद्या कुणी उभं राहून विचारेल, "त्याचं काय झालं?"

अशी एक सभा आमच्या जिल्ह्यात झाली, तिचं उदाहरण हलक्या हातानं घेण्यासारखं नाही. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष आले, दारं बंद झाली. बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले, मुंबईत कामं होती, तरी इथली आघाडी दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं लढवत राहिले. लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. पाच वर्षांच्या आसपास हा लढा चालला आणि दार उघडलं नाही. आता, चिकाटी म्हणजे दारातून न हलणं, एवढाच अर्थ घेतला असता तर आणखी पाच वर्षं तिथेच गेली असती. पण मूर्तीचं दर्शन हे त्यांचं ध्येय कधी नव्हतंच, माणूस म्हणून उभं राहणं हे होतं. ते त्या दाराआड मिळत नाही म्हटल्यावर दार सोडलं. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी भर सभेत जाहीर केलं, की जन्म हिंदू म्हणून झाला तो आपल्या हातात नव्हता, पण मरताना आपण हिंदू नसू. मग देशभरातून वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी आमंत्रणं दिली, इतरांनी टीका केली, कुणी फिरवाफिरवीची वाट बघत बसलं. ते वाचत राहिले, तपासत राहिले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एकवीस वर्षं, आणि तारखेत एका दिवसाचा फरक. येवल्यात ती जागा मुक्तिभूमी म्हणून आहे. येवल्याला माणसं पैठणी घ्यायला जातात तेव्हा वाट थोडी वाकडी करून तिथेही जाऊन यावं.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्यामुळे डोंगर उतरला की पुढचा विषय आपोआप समोर येतो. फाळके त्र्यंबकेश्वरचे, 30 एप्रिल 1870 चा जन्म. 1912 मध्ये त्यांनी लंडनला जाऊन कॅमेरा घेतला. चित्रपट काढायचा ध्यास होता आणि पैसे नव्हते. ध्यासाच्या जोरावर सावकार पैसे देत नाही. तेव्हा त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखला आणि त्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. महिनाभराहून जास्त. ती फिल्म सलग दाखवली तेव्हा बी फुटून, वर येऊन, डोलणारं रोप पडद्यावर बघता बघता उभं राहिलं आणि पैसा घालणारा माणूस पटला. पुढच्या वर्षी, 3 मे 1913 ला, 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

मला त्या महिन्याचं राहून राहून नवल वाटतं. रोज सकाळी उठून कुंडीकडे बघायचं, तर कालच्यापेक्षा काही फरक दिसणार नाही. वजनकाट्यावर रोज उभं राहणाऱ्याला विचारा हे दुःख. तिसऱ्या दिवशी आपण काट्याची बॅटरी बदलतो, आठव्या दिवशी काटा पलंगाखाली जातो. फाळक्यांनी वाढ दिसेल म्हणून वाट बघितली नाही, त्यांनी फक्त आजचं चित्र घेतलं. आणि वाटाण्यानं तर कसलाच संकल्प केला नव्हता, तरी त्याचं झालं ते उत्तमच झालं. अर्थात फाळक्यांनाही एकट्यानं सगळं जमलं असं कुणी म्हणू नये. घरातल्या चीजवस्तू, दागिने गहाण पडत होते तेव्हा न कुरकुरता पाठीशी उभी राहणारी, कच्च्या फिल्मला अंधारात भोकं पाडून देणारी, शिवाय चित्रपटाच्या अख्ख्या ताफ्याचा स्वयंपाक करणारी सरस्वतीबाई त्या घरात होती. स्मारकात फिरताना मी नेहमी त्यांच्या वाट्याला किती जागा आली आहे ते बघते आणि जाऊ दे म्हणते.

तर आता आमच्याबद्दल. यंदा वहिनींच्या डोक्यातून निघालं की चातुर्मासात रोज लेण्यांच्या दारापर्यंत चढायचं, पाऊस असो नसो. एरवी या बेताचं जे व्हायचं ते झालं असतं. पण काकांनी दप्तर हातात घेतलं. एका जुन्या बँकेच्या डायरीत त्यांनी लेख लिहिला आहे. वर ठिकाण आणि तिथी. रामकुंडावर गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा द्वीप, खंड, नदीचा कुठला काठ, संवत्सर, ऋतू, वार असा माणसाचा पूर्ण पत्ता आधी सांगून टाकतात, पुढे कुणी नाकबूल होऊ नये म्हणून. तेच धोरण काकांनी ठेवलं. आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी. त्याखाली नावं. त्याखाली रक्कम.

श्रेणी कुठली धरायची यावर थोडा खल झाला. विणकर आता शोधायचे कुठे? शेवटी पायथ्याशी चहाची गाडी लावणारा आहे, त्यालाच श्रेणी मानलं. प्रत्येकानं त्याच्याकडे अनामत ठेवायची, आणि जो खाडा करेल त्याच्या खात्यातून त्या दिवशी बाकीच्यांचा चहा. काकांनी त्याला शेकडा एकचा दर सुचवून बघितला. तो म्हणाला, "काका, व्याजबिज काही नाही, पण कोण आलं नाही ते मी बरोबर सांगीन." यापेक्षा जास्त परतावा कुठल्याही ठेवीवर मिळत नसेल.

कखडीचं कलमही घातलं आहे. पाऊस धो धो असेल, पायऱ्यांवरून पाणी वाहत असेल, तर इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या, निम्म्या धरल्या जातील, मात्र त्याची नोंद डायरीत लाल शाईनं होईल. लग्नाची रजा मिळावी अशी मी सूचना मांडली होती. ती एकमतानं फेटाळली गेली, कारण चातुर्मासात लग्नं नसतात. कांदेनवमी वहिनींच्या घरी होणार आहे, भज्यांना मर्यादा नाही.

उद्यापनाला मिसळ, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पण कार्तिकीला उपवास, म्हणजे ती द्वादशीला गेली. द्वादशीला वहिनींचा कांदा सुटतो, तेही सोयीचंच झालं. कुठली मिसळ, काळ्या रश्श्याची की लाल, यावर मात्र दोन तट पडले आहेत आणि काकांनी तो मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला. सध्या वाद वेगळाच चालू आहे. मी बिनसाखरेचा चहा घेते, तेव्हा खाड्याच्या दिवशी माझ्या चहाचे पैसे कमी लागावेत, असा काकांचा अर्ज आहे. चहावाल्याचं म्हणणं, साखरेला काय लागतं, महाग दूध आहे, तेव्हा दर एकच. शिवाय बिनसाखरेच्या चहाला पातेलं वेगळं चढवावं लागतं, त्याचा गॅस कोण देणार? काका म्हणाले, लेखी दे.